माझ्या साडूची साक्ष

देव कुठं कुठं दडून बसतो याचा माझ्या साडूइतका तपास जगात दुसऱ्या कुणी केला नसेल, आणि दडलेल्या देवाला इतकं हैराणही कुणी केलं नसेल. मिसळीच्या रश्श्यात, पंक्चरवाल्याच्या टबात, म्हशीच्या पान्ह्यात, जिथं बघावं तिथं त्याला देव सापडायचा आणि सापडला की त्याचा अर्थ ऐकायला समोर मी असायचो. आम्ही दोघं सख्ख्या बहिणींचे नवरे. आमच्या मंडळीत, म्हणजे कोल्हापुरातल्या आमच्या चर्चमध्ये, दोन्ही लग्नं एकाच दिवशी लागली आणि तेव्हापासून हा माणूस माझ्या मानगुटीवर बसलाय. हे मी लिहिलं तर चालतं. दुसऱ्या कुणी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढं सगळा जन्म शिरोलीच्या फौंड्रीत साचे भरण्यात गेला. तेव्हा माझ्या लिहिण्यात कुणाला चुका दिसल्या तर त्या त्यानं आपल्या घरी नेऊन दुरुस्त कराव्यात.

साडूचा धंदा दुधाचा. आमच्याकडं दूध कट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकाच्या समोर पिळतात आणि फेसाळ, कोमट दूध तिथल्या तिथं पेल्यात देतात. पाणी घातलं का, असं विचारायची सोयच नाही. साडूच्या दोन म्हशी. नावं बायबलातल्या दोन बहिणींची. एकीचं मार्था, कारण ती राबायची, आणि दुसरीचं मरीया, कारण ती नुसती बसून असायची. मार्था दूध भरपूर द्यायची, पण रेडकू जवळ आणल्याशिवाय पान्हा सोडायची नाही. गिऱ्हाईक पेला धरून उभं, रेडकू ढुसण्या देतंय आणि साडू उकिडवा बसून बोलतोय, “शेठ, बघितलासा? मागून मिळत न्हाय, ओरडून मिळत न्हाय. तिला लेकराची माया आली की आपसूक सुटतंय. देवाची कृपा म्हंजे ह्येच.” रोजचे एक शेठ होते, कापडदुकानवाले. ते म्हणायचे, “कृपेला जरा लवकर सुटायला सांगा, दुकान उघडायचंय.” पण दुसऱ्या दिवशी तेच शेठ परत हजर. शेजारी दुसरे दूधवाले होते की! त्यांच्याकडं दूध लवकर मिळायचं, पण नुसतं दूधच मिळायचं.

मिसळ खायला त्याच्याबरोबर जाणं म्हणजे उपासनेला बसणं. एकदा रश्श्याचं भांडं दुसऱ्यांदा टेबलावर आलं आणि त्याचा चमचा हवेत थांबला. मला कळलं, आता गार मिसळ खावी लागणार. “साडू, पाव दिलं ते मोजून. रस्सा मागंल तितका, त्याचा हिशेब न्हाय. पाव म्हंजे नियमशास्त्र, रस्सा म्हंजे कृपा.” मी म्हटलं, “मग फरसाण काय?” मी आपलं त्याला गप करायला विचारलं होतं. पण तो खरोखरच विचारात पडला. मिसळवाला येऊन म्हणाला, “ओ काका, टेबल सोडा, भाईर लाइन लागलीया.” तरी हा डोळे मिटून. शेवटी उठता उठता म्हणाला, “फरसाण म्हंजे आपण. रश्श्यात पडल्याबिगार मऊ पडत न्हाय.” शेजारच्या टेबलावरचं एक कॉलेजचं पोरगं आपल्या ताटात जरा वेळ बघत राहिलेलं मी पाहिलं.

पंक्चरवाल्याकडं तर त्यानं बाप्तिस्माच लावला. ट्यूब कोरडी असताना शहाणीसुरती दिसते, पाण्यात घातली की बुडबुडे येतात, पापाचं तसंच असतं, असं तो रस्त्याच्या कडेला मोठ्या आवाजात सांगत होता. पंक्चरवाला मुसलमान, दाढी पिकलेला, आमच्याच वयाचा. तो ट्यूब फिरवून म्हणाला, “चाचा, तुमच्या ट्यूबची पापं लय झाल्यात. ठिगळानं भागत न्हाय, नवीनच टाका.” साडू आनंदानं ओरडला, “ह्येच! ह्येच शास्त्र सांगतंय! नवा मनुष्य!” आणि नवी ट्यूब टाकली. घरी मेव्हणीनं विचारलं, नवी ट्यूब कशाला? तर म्हणे तारण झालं. आमच्या फौंड्रीतसुद्धा एकदा माझा डबा द्यायला आला आणि वितळलेल्या लोखंडाचा रस बघून नरकावर बोलायला लागला. जेवायला बसलेली माणसं हात थांबवून ऐकत राहिली. फोरमन वैतागून म्हणाला, “पावणं, नरकात निदान टार्गेट तरी नसंल.” साडूला ते इतकं पटलं की त्यानं तेही आपल्या बोलण्यात घालून घेतलं.

हे सगळं तो आठवडाभर साठवायचा आणि रविवारी मोकळं करायचा. आमच्या मंडळीत उपदेशाच्या आधी साक्षीची वेळ असते. देवानं आठवड्यात काय केलं, कुठं सांभाळलं, ते ज्याला सांगायचं त्यानं उभं राहून सांगावं. लोक आजारातून उठल्याचं सांगतात, पोराला नोकरी लागल्याचं सांगतात. माझा साडू उठायचा आणि म्हणायचा, “काल सकाळी शेणाची पाटी उचलताना...” बाया पदर तोंडाला लावायच्या. तरुण पोरं मोबाइल खाली ठेवायची, जी उपदेशाला ठेवत नाहीत. त्याच्या सगळ्या आयुष्यात तेवढी एक जागा त्याची होती. घरात मेव्हणीचं राज्य, कट्ट्यावर म्हशीचं. पण रविवारी त्या बाकाच्या कडेला उभा राहिला की हा माणूस वीतभर उंच दिसायचा.

ती जागा गेली हंगामाच्या सणाला. त्या सणाला आमच्यात ज्याचं जे पहिलं पीक असेल ते देवाला आणायची रीत आहे. भोपळे, शेंगा, मक्याची कणसं, कुणाची कोंबडी. वेदीजवळ सगळं मांडायचं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव करायचा. त्या साली शिरोळकडच्या मंडळींनी हिरव्यागार वाड्यासकट, म्हणजे शेंड्याच्या पाल्यासकट, ऊस आणला होता आणि त्याची सुंदर कमान वेदीपुढं उभी केली होती. मार्था नुकतीच व्यालेली. साडूला नव्या विताचं पहिलं चांगलं दूध द्यायचं होतं. सकाळी मी त्याच्या गोठ्यात गेलो तर हा किटलीकडं बघत बसलेला.

“साडू, गिऱ्हाइकाला मी डोळ्यासमोर पिळून देतो. आणि देवाला किटलीतनं?”

मी म्हटलं, “देवाला कळतंय की त्यात पाणी हाय का न्हाय ते!”

“देवाला कळतंय हो. पण माझी काय रीत हाय का न्हाय?”

झालं. शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांची माळ घालून मार्था रेडकासकट चर्चच्या आवारात आली. लिलावाच्या वेळी सगळ्यांसमोर पिळायची असं ठरवून त्यानं तिला झाडाला बांधलं. गाठ मीही बघितली होती, चांगली होती. पण पहिल्या गीताला ढोलकी कडाडली, म्हैस बिथरली, दावं तुटलं आणि उघड्या दारातून तिला उसाचं वाडं दिसलं. मग मात्र ती अजिबात धावली नाही. मधल्या वाटेनं सावकाश, नवरी येते तशी आली. मागून रेडकू. पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, वेदीवर हात जोडून उभे होते ते तसेच राहिले. मार्थानं कमानीचा डावा खांब खाल्ला, मग उजवा ओढला, कोबीचा एक गड्डा चाखून बघितला आणि मंडळीच्या सेक्रेटरींच्या नव्या बुटाशेजारी शेण टाकलं. सेक्रेटरी म्हणजे निवृत्त हेडमास्तर. त्यांच्यासमोर आजवर कुणी विचारल्याशिवाय खोकलं नव्हतं.

साडूनं माफी मागितली असती तर मिटलं असतं. तो धावत आला, दावं धरलं, तिच्याकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. मी मनात म्हटलं, नको रे बाबा. पण तो बोललाच. “बघा मंडळी! ज्यांना बोलावणं होतं ती बाकावर बसून राह्यली. जिला बोलावणं नव्हतं ती मेजावर आधी पोचली!” म्हैस आत आली ते मंडळींनी सोसलं असतं. तिचा अर्थ लावला, तो सोसला नाही.

पंचांनी ठराव केला, की यापुढं साक्षीच्या वेळी त्यानं उभं राहायचं नाही. पाळकसाहेब तरुण, नुकतेच आलेले, पडद्यावर गाणी दाखवणारे. सांगायला तेच घरी आले. साडूनं त्यांना दूध दिलं, म्हणाला, “कळलं साहेब,” आणि रिकामा पेला विसळायला उठला.

त्यानंतर तो गप झाला. रविवारी यायचा, पार मागच्या बाकावर बसायचा, साक्षीची वेळ आली की चपलांकडं बघायचा. पण कट्ट्यावरही गप, मिसळीपुढंही गप. शेठ म्हणाले, “आजचा धडा कुठाय?” तर म्हणाला, “दूध घ्या.” मी त्याला डिवचून बघितलं. एकदा संध्याकाळी लाइट गेली. मी म्हटलं, “साडू, सगळ्या गल्लीत अंधार आणि त्या एका घरात उजेड. लावा की अर्थ!” तो म्हणाला, “इन्व्हर्टर असंल.” सगळी हयात ज्याच्या बोलण्यानं माझी मिसळ गार झाली, तो माणूस गरम मिसळ मुकाट्यानं खातोय, हे मला बघवेना. देवाला कुणी शोधायचं आणि कुणी नाही, हे ठरवणारे हे कोण?

पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी विचारलं, “कुणाला साक्ष द्यायची आहे का?” आणि मी उभा राहिलो. मी जन्मात कधी उभा राहिलेलो नव्हतो. शेजारी बसलेल्या बायकोनं डोळे वटारले.

“मला द्यायची हाय. पण मला बोलाय येत न्हाय. मोशेला बोलाय येत नव्हतं तवा त्याच्या वतीनं त्याचा भाऊ बोलला. मला भाऊ न्हाय, साडू हाय. माझ्या वतीनं त्यो बोलंल.”

सेक्रेटरी उठले. “ठराव झालेला आहे. खाली बसा.”

“ठराव त्याच्या उभं ऱ्हाण्यावर हाय. माझ्या उभं ऱ्हाण्यावर न्हाय. त्यो बोलंपातुर मी बसत न्हाय. आणि शास्त्रात साडूला बंदी कुठं घातलीया ते मला दाखवा.”

कुणीतरी फसकन हसलं. सेक्रेटरींनी पाळकसाहेबांकडं बघितलं, पाळकसाहेबांनी पडद्याकडं बघितलं आणि उपासना पुढं सुरू झाली. गीत झालं, सगळे बसले, मी उभा. उपदेश सुरू झाला, मी उभा. दानाची थैली फिरली, ती मी उभ्यानंच पुढं दिली. माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या झिजल्यात, जिना चढताना मी बायकोच्या खांद्याला धरतो. पण त्या दिवशी समोरच्या बाकाला धरून मी उभा राहिलो. पाय लटलट कापत होते. बायको सदऱ्याला धरून मला खाली ओढत होती. मागं वळून साडूकडं मी बघितलं नाही. बघितलं असतं तर त्यानं हातानं नको म्हटलं असतं, आणि मला ते ऐकायचं नव्हतं.

आशीर्वादाच्या आधी पाळकसाहेबांनी शास्त्र मिटलं. माझ्याकडं बघितलं, मग मागं बघितलं आणि हळू म्हणाले, “काका, बोला.” सेक्रेटरी वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत राहिले. पण नाही म्हणाले नाहीत, हे मी त्यांच्या बाजूनं सांगतो.

सगळी मंडळी मागं वळली. पोरांनी मोबाइल खाली ठेवले. साडू उठला. इतक्या दिवसांचं साठलेलं असणार, मी म्हटलं, आता जेवायला संध्याकाळ होणार, होऊ दे. त्यानं तोंड उघडलं, माझ्या पायांकडं बघितलं आणि म्हणाला, “साडू, बसा आता. पाय थरथराय लागल्यात तुमचं.”

आणि खाली बसला. मी बसलो. कुणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी आशीर्वादासाठी हात वर केले.

घरी जाताना बायका पुढं गेल्या, आम्ही दोघं मागं. तो माझ्या चालीनं चालत होता. मला राहवेना. मी म्हटलं, “एवढी जागा मिळवून दिली आणि एवढंच बोललासा? त्याचा अर्थ तरी सांगा.”

“कशाचा?”

“मला बसा म्हणालासा त्याचा.”

“त्याचा काय अर्थ असणार? पाय थरथरत होतं, म्हणून बसा म्हटलं.”

आता तो पुन्हा साक्ष देतो. थोडी देतो, पूर्वीसारखी लांबत नाही. म्हैस आता एकच उरलीय, आवाजही बसत चाललाय. परवा त्यानं चष्म्याच्या काचेवर काहीतरी सांगितलं, चांगलं होतं. पण माझं मन तिथं लागत नाही. साक्षीला उभं राहून अर्थाशिवाय त्यानं उच्चारलेलं ते एकच वाक्य, आणि मी चौथी शिकलेला माणूस रोज सकाळी गुडघ्याला तेल चोळत त्याचा अर्थ शोधत बसतो. जवळ आल्यासारखा वाटतो आणि निसटतो. त्याला विचारलं तर पेला माझ्या हातात देऊन म्हणतो, “दूध प्या साडू, गार हुतंय.”