सावली रिकामी आणि माणसं उन्हात

मंडळी, बावीस वर्षं साऊंडचं काम करतोय. कुठे शिकायला गेलो नाही, कानानं शिकलो, आणि त्याचा मला अभिमान आहे. म्हणूनच आजचं सांगतो.

दुपारी कारध्याला भजनाचा कार्यक्रम होता. मिक्सरवरचे सगळे दिवे हिरवे, म्हणजे आवाज हद्दीत; स्पीकरची एकही शिट्टी नाही. मी खूश. पण उजव्या स्पीकरसमोर कडुनिंबाची गार सावली, आणि तिथली सतरंजी रिकामी! बायका डोक्यावर पदर घेऊन उन्हात बसलेल्या.

त्यातल्या एका आजीला विचारलं, "माय, सावलीत काहून नाही बसत?"

"बसलो होतो ना बाबू. तुह्या डब्ब्यानं छाती धडधडून राहिली, म्हणून उठलो."

जरा लागलं मला. तरी परत येऊन आवाज थोडा उतरवला. कोणी हललं नाही. अजून उतरवला. गाणारे बुवा माईकवरूनच म्हणाले, "का गा, लाइन गेली का?" लोक हसले. मी हात जोडले आणि अजून थोडा उतरवला.

मग एक बाई सावलीत सरकली, तिच्यामागे दुसरी. शेवटी आजीही आली आणि बुवांच्या मागे म्हणू लागली. तिचा आवाज मला मिक्सरपाशी ऐकू आला. तिथेच बोट थांबवलं.

दिवे आधीही हिरवे होते, नंतरही हिरवेच. मग इतकी वर्षं मी नेमकं काय पाहत होतो? तुम्ही कार्यक्रमाला बसता, तेव्हा आवाज बरोबर आहे हे तुम्हाला कशावरून कळतं?