दोघींना सारख्या साड्या

माझ्या मुलाचं लग्न इंदापुरात झालं, आणि त्या दिवशी कार्यालयात सगळ्यात जास्त रडवेला झालेला माणूस नवरीचा बाप नव्हता. मी होतो.

मी बारामतीत मराठीचा शिक्षक. मला दोन बहिणी. थोरली अक्का पळसदेवला दिलेली, धाकटी शैला कोऱ्हाळे बुद्रुकला. चार वर्षांपूर्वी आमच्या वास्तुशांतीला आम्ही दिलेल्या साड्यांत अक्काच्या साडीचा काठ एक बोट भरला आणि शैलाच्या साडीचा दोन बोटं. (बोटं लावून मोजला होता हो, भर जेवणाच्या पंगतीत!) तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. एक राखीपौर्णिमेला सकाळी यायची, दुसरी पहिली गेल्याची खात्री करून दुपारी.

लग्नाला मात्र दोघी येणार होत्या. माझी बायको सुनंदा मला बजावून म्हणाली, "यंदा घोळ नको. दोघींना सारख्या साड्या आणा. सारख्या! कळलं ना?"

"सुनंदा, मी मराठी शिकवतो."

"म्हणून तर विचारतेय."

मी दुकानात गेलो आणि दुकानदाराला म्हणालो, दोन सारख्या साड्या दाखवा. त्यानं गठ्ठ्यातून हिरव्यागार, जांभळ्या काठाच्या दोन साड्या काढल्या. "सेम टू सेम, सर. धाग्याचासुद्धा फरक नाही."

मला इतका आनंद झाला, की घरी न दाखवताच रविवारी मोटरसायकल काढली. आधी पळसदेव, मग थेट उलट्या टोकाला कोऱ्हाळे. अक्कानं साडीवरनं हात फिरवत विचारलं, "चांगली हाय रं. शैलीला कसली घेतली?"

खरं सांगायची ती वेळ होती. पण बहिणीचा खुललेला चेहरा पाहून माझी जीभ घसरली. "अक्का, अख्ख्या मांडवात तुझ्यासारखी साडी दुसरी नसंल!"

संध्याकाळी कोऱ्हाळ्यात शैलालाही तेच वाक्य ऐकवलं. (चांगलं वाक्य दोनदा वापरायची शिक्षकी सवय.)

रात्री जेवताना सुनंदानं विचारलं, "रंग कोणते घेतले?"

"हिरवा."

"आणि दुसरीला?"

"हिरवा."

तिचा घास हातातच राहिला. "काठ तरी?"

"तोच. तूच म्हणालीस ना, सारख्या?"

"अहो, सारख्या म्हणजे तोलामोलाच्या! एकीला उणं नको, दुसरीला दुणं नको! त्याच त्या दोन आणायला त्या काय बँडवाल्या आहेत?"

मी शब्दकोश काढायला उठलो. तिनं ज्या नजरेनं पाहिलं, त्या नजरेनं मी पुन्हा बसलो. साड्या बदलून घ्यायचं ठरेपर्यंत दोघींनी ब्लाउज शिवायला टाकलेही होते. आता एकच आशा होती, एखादी तरी ऐनवेळी दुसरी साडी नेसेल.

माझं नशीब! अक्का कार्यालयाच्या पुढच्या दारानं आली, शैला मागच्या, आणि बरोबर मधोमध दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. मध्ये कुणी आरसा ठेवलाय असं वाटावं. दोघींनी एकमेकींकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, मग सावकाश माझ्याकडे पाहिलं, आणि दोन दिशांना निघून गेल्या.

"आता तुम्हीच हे सारखं करा!" सुनंदा कानाशी फुसफुसली.

अजून किती सारखं करायचं होतं, देव जाणे!

तेवढ्यात अक्काचे यजमान तात्या आले. चष्मा घरी विसरलेले. त्यांनी मागून हिरवी साडी पाहिली आणि बायको समजून हळूच म्हणाले, "ती कोऱ्हाळ्याची महामाया आली का गं? तिच्या नादाला लागू नगंस. तोंड वाकडं करून बसली आसंल."

हिरवी साडी वळली. "तात्या, महामाया मीच."

तात्या जे पळाले, ते थेट आचाऱ्याजवळ जाऊन कांदे सोलायला बसले.

शैला रडत निघून गेली. मी तिला शोधत फिरलो. खोलीच्या दाराशी ती पाठमोरी बसलेली दिसली. मी खांद्यावर हात ठेवून समजूत घातली, "शैले, पुस डोळे. अक्काचं काय मनावर घेतीस? ती पहिल्यापासनं तशीच हाय. हेकट! आईसुद्धा थकली होती तिच्यापुढं."

ती वळली. अक्का होती.

"आई काय म्हणायची, ते सांग की पुढं," अक्का म्हणाली.

मला वाटलं, आता धरणी दुभंगावी. इंदापुरातली धरणी मात्र फार घट्ट निघाली.

आणि नेमकं त्याच वेळी मुहूर्त आला. माझ्या मुलाला बहीण नाही, त्यामुळं करा-दिवा घेऊन नवऱ्यामागं आत्यानं उभं राहायचं होतं. कोणत्या, हे ठरवायचं धाडस मी केलंच नव्हतं. गुरुजींनी माइकवरून सांगितलं, "हिरव्या साडीतल्या आत्याबाईंनी यावं!"

दोघी उठल्या. दोघींनी एकदम करा-दिव्याचं तबक धरलं.

"सोड, मी थोरली हाय."

"भाच्याला मी खेळवलंय! तू सोड!"

तबक हिसकलं गेलं. तेल आणि हळदकुंकू दोघींच्याही पदरावर सांडलं. मी डोळे मिटून घेतले. लग्न मोडलं, बहिणी गेल्या, सुनंदा तर कधीचीच गेली.

कानावर आलं ते भलतंच.

"शैले," अक्का पदर झटकत म्हणाली, "साडी देताना तुला ह्यो काय म्हणाला व्हता?"

"म्हणाला, अशी साडी मांडवात दुसरी नसंल."

"मला बी त्येच!"

शैला फिसकन हसली. मागोमाग अक्काही. चार वर्षांनी दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून हसत होत्या.

गहिवरून मी पुढं झालो. "अगं, त्याचं काय आहे, 'सारखा' या शब्दाला अर्थच्छटा..."

"तू गप रं!" दोघी एका सुरात म्हणाल्या. करा एकीनं धरला, दिवा दुसरीनं, आणि लग्न लागलं.

आता अक्का आणि शैला रोज फोनवर बोलतात. पूर्वी दोघी मला वेगवेगळ्या वेळी टोमणे मारायच्या, मध्ये श्वास घ्यायला तरी मिळायचा. आता दोघी एकदम कॉन्फरन्स कॉल लावतात. आणि तो जोडून देते सुनंदा!