केस सरळ करायची बाटली

“पोरगी चांगली आहे गं, पण ते केस! तुझ्या सासरची एलातची माणसं बघतील तर काय म्हणतील? सून कुठल्या घरातली आणली, हेच आधी विचारतील.”

हे माझ्या सासूबाई माझ्या नणंदेला, लिलीला, स्वयंपाकघरात सांगत होत्या. मी न्हाणीघरात आहे अशी त्यांची समजूत. मी होतेही तिथेच. पण लोदच्या त्या सरकारी घरांच्या भिंती एवढ्या पातळ, की पलीकडच्या फोडणीने अलीकडे ठसका लागायचा.

साल त्रेसष्ट. लग्न करून मी नुकतीच ठाण्याहून ज्यूंच्या या नव्या देशात आले होते आणि मादाम क्लाराच्या सलूनमध्ये बायकांची डोकी धुवायचं काम करत होते. मादाम रुमानियाची. केस पर्मनंट सरळ करायचं काम आमच्या भागात ती एकटीच करायची. तिथे कापलेले केस निदान रोज संध्याकाळी झाडून टाकता यायचे. किस्से मात्र साठतच राहायचे. त्यातले थोडे सांगते. ऐकताना एवढं लक्षात असू द्या, की हे सगळं बघत असताना माझंही डोकं रांगेत होतं. लिलीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी माझे केस सरळ करून घ्यायचे, असं सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं होतं. मी “बरं” म्हटलं होतं. नवी सून आणखी काय म्हणणार?

* * *

मादामच्या फळीवर एक बाटली असायची. झाकण उघडलं की सडक्या अंड्यांचा वास सलूनभर पसरायचा. मला वाटायचं हेच ते केस सरळ करायचं औषध. एके दिवशी बघते तर तीच बाटली एका पोलिश बाईच्या डोक्यावर, आणि तिचे केस बारीक बारीक फिरक्यांवर गुंडाळलेले. तिला कुरळे हवे होते! शेजारच्या खुर्चीत मोरोक्कोची एक बाई, तिचे केस कंगव्याने ताणून सपाट केलेले. बाटली एकच. औषध केसाला मऊ करतं. मग त्याला ज्या आकारात धराल, त्या आकारात तो बसतो.

दोघी आरशातून एकमेकींच्या डोक्याकडे आशेने बघत होत्या.

मी मादामला म्हटलं, यांनी आपापसात बदलून घेतले असते तर? मादाम म्हणाली, “मग मी काय खाल्लं असतं?”

* * *

त्याच मोरोक्कोच्या बाई काही आठवड्यांनी तणतणत परत आल्या. भांगापाशी बोटभर केस पुन्हा कुरळे, खाली सगळे सरळ. “पर्मनंट म्हणाली होतीस ना?”

मादामने चष्मा लावून नीट पाहिलं. “पर्मनंटच आहे. जे सरळ केले ते सरळच आहेत. नवीन आलेत ते तुझे आहेत. मी केस सरळ करते, डोकं नाही.”

मला त्या रात्री झोप लागली नाही. म्हणजे एकदा करून सुटका नाही. दर थोड्या दिवसांनी ती बाटली, तो वास, आणि सासूबाईंचं माझ्या भांगाकडे बघणं.

* * *

आमच्या चाळीसारख्याच त्या वस्तीतल्या फ्लोरामावशी. मूळच्या रेवदंड्याच्या. मुलाच्या फौजेतल्या समारंभाला जायचं म्हणून केस सरळ करायला आल्या. मादामने औषध लावलं, ते ओघळून मानेवर आलं. पुन्हा लावलं, पुन्हा ओघळलं. मादाम घाबरली. बाटली हुंगली, मावशींचं डोकं हुंगलं आणि मला विचारलं, “ही बाई डोक्यात काय तळते?”

मावशींनी मुंबईहून आणलेलं खोबरेल रात्रीच चोपून घातलं होतं. मी म्हटलं, मावशी, आजच्या दिवशी तरी तेल नको होतं. मावशींना रागच आला.

“परक्या बाईच्या हातात डोकं द्यायचं, ते काय कोरडं द्यायचं?”

टाळूवर तेल जास्त, शेंड्यांना कमी. त्यामुळे वर लाटा राहिल्या आणि खाली केस सरळ झाले. मावशींनी वस्तीत सांगितलं, ही पॅरिसची नवी फॅशन आहे. दोघीतिघी ‘फ्लोरामावशींसारखे’ करून मागायला आल्या.

मी मात्र घरी जाऊन खोबरेलचा डबा कुठे ठेवलाय ते बघून ठेवलं.

* * *

सगळेच किस्से हसायचे नव्हते. सोलिका नावाची एक मुलगी लग्नाच्या आदल्या दिवशी आली, बरोबर आई. केस आधीच कुणीतरी रंगवलेले होते, ते तिने सांगितलं नाही. औषध चढलं आणि कानामागचे केस कंगव्याबरोबर निघून आले. मादामने ताबडतोब पाण्याखाली धरलं. माझ्या बोटांत तिच्या केसांचा लगदा.

आई समजूत घालू लागली : जाऊ दे, नवऱ्याकडचे धार्मिक आहेत, लग्न झालं, की परवापासून डोक्याला रुमालच बांधायचाय, कोणाला दिसणार?

सोलिका आरशात बघत हळूच आईला म्हणाली, “मग इमा, मला इथे कशाला आणलंस?”

* * *

त्या दिवशी मी ह्यांना सगळं सांगितलं. हे विमानतळावर मेकॅनिक. नीट ऐकून म्हणाले, वाकलेली तार तापवून सरळ करतात तसंच आहे. एकदा ठीक, पुन:पुन्हा केलं की तार तिथेच तुटते. मला केवढा धीर आला.

“मग आईंना सांगा ना.”

दिवसभर विमानाच्या पोटाखाली उताणा पडून काम करणारा माणूस कूस बदलून म्हणाला, “मी? आईला?”

* * *

साखरपुड्याचा आदला दिवस. सकाळी एक बाई आल्या, केस माझ्यासारखेच, कानाशी पांढरे. मी धुवायला घेतले आणि त्या आपणहून मराठीत बोलू लागल्या. एलातहून आल्या होत्या, रामल्याला बहिणीकडे उतरल्या होत्या. उद्या मुलाचा साखरपुडा, मुलीकडचे इथे लोदचेच, मूळचे ठाण्याचे शिकलेले लोक. त्या दिवसांत लग्न म्हटलं की आमच्या, भारतातून आलेल्या ज्यू लोकांची धर्मगुरूंकडून आजी-पणजीपर्यंत चौकशी व्हायची. त्यात विहीणबाई पहिल्यांदाच भेटणार, हे केस बघून त्यांनी काही काढलं तर? मुलाला ठाऊक नव्हतं त्या इथे आहेत ते.

माझे हात थांबले. मग मी आणखी एकदा साबण लावला.

मादामने त्यांना औषध लावून केस सपाट ताणले आणि बजावलं, मान हलवायची नाही. तेवढ्यात दारातून सासूबाई, मागे लिली. मादामला मराठी येत नाही, म्हणून सासूबाई मोकळ्या आवाजात मलाच सांगू लागल्या, हिला सांग, अगदी सरळ पाहिजेत. एलातच्या त्या बाईला संशय येता कामा नये. त्या बाजूची माणसं, नाकं मुरडायला टपलेली असतात. लिली म्हणाली, “इमा, दाय!” पुरे म्हणून. सासूबाई ऐकतात कुठे?

खुर्चीतल्या बाईंची मान ताठ. फक्त डोळे आरशातून माझ्याकडे वळले.

मादाम रिकाम्या खुर्चीवर टॉवेल टाकत मला म्हणाली, तू बस, बाटली उघडते.

“ती काय म्हणते?” सासूबाईंनी विचारलं.

मी उभीच राहिले.

“आई, या आपल्या विहीणबाई. तुमचं सगळं त्यांना कळतंय. आणि मावशी, उद्या आमच्याकडे कुरळ्या केसांची जी सरबत घेऊन येईल, ती मी.”