वरचा दिवा

१९९७ साली मी कॉम्प्युटरवर पनवेल ते दिवा स्टेशन आगगाडी चालवायचा खेळ बनवत होतो. ऑफिसातल्या फायली उरकत नाहीत आणि घरी गाड्या हाकतोय, असं सुमती, म्हणजे माझी बायको, येता-जाता ऐकवायची. तिचं चुकत नव्हतं, पण मला राग यायचा. खेळात सगळं खरं हवं, हा माझा हट्ट. कुठला सिग्नल कुठे, किती उंच, किती लांबून दिसतो, हे मी रविवारी हिंडून वहीत उतरवलं होतं.

आधार होता तो काशिरामदादांचा. विचुंब्याचे, मालगाडीचे ड्रायव्हर, निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले. इतक्या वर्षांत एकदाही लाल ओलांडला नाही, हे ते स्वतः कधी सांगत नसत; सारा गाव सांगे. एरवी घुमा माणूस, पण सिग्नलचा विषय निघाला की खुलायचे. "तो तळोज्याकडचा जरा लपतो," म्हणायचे, "त्याला आधीपासून शोधावा लागतो."

एका रविवारी दुपारी चहाला बोलावून मी त्यांना खेळापुढे बसवलं. तीन सिग्नल बिनचूक पार पडले. चौथ्याला लाल दिवा होता. दादा "हिरवा" म्हणाले आणि गाडी सरळ पुढे नेली.

मला हसू आलं. चुकून झालं असेल, म्हणून पुन्हा खेळायला लावलं. पुन्हा "हिरवा". मग वही उघडली आणि स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. तो एक खांब मी घाईघाईत रस्त्यावरच्या सिग्नलसारखा काढला होता, लाल वर. रेल्वेचा लाल सगळ्यात खाली असतो, हिरवा त्याच्या वर. चूक माझीच, पण पडद्यावरचा दिवा तर लालभडक होता! हा माणूस रंग बघत नव्हता, जागा बघत होता.

"दादा, कधीपासून?"

त्यांनी बशीतला चहा संपवला. "वरीस झाला. मागच्या तपासणीला बरा होता. आता लाल नि हिरवा, दोनी मातकट दिसतात. पन दत्ता हाय ना बाजूला. तो आधी बोलतो, मी मागून."

इंजिनात ड्रायव्हर आणि त्याचा सहायक, दोघांनी प्रत्येक सिग्नल बघून मोठ्याने बोलायचा असतो. दत्ता त्यांचा जुना सहायक.

"आणि दत्ता नसला तर?"

"उद्या नाय तो. गव्हाणला बहिणीचा लगीन हाय. नवीन मानूस येतोय." दारात चपला घालताना म्हणाले, "कुनाला बोलू नको. शशिकलेला पन ठाव नाय."

बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं! लांबून सिग्नल म्हणजे नुसता ठिपका, वरचा की खालचा कळत नाही, असं मीच वहीत लिहिलं होतं. ते वाक्य आता माझ्याच अंगावर येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी पनवेल स्टेशनावर मास्तरांच्या दाराबाहेर उभा. सांगितलं तर दादांची नोकरी जाणार, नाही सांगितलं तर काय होईल ते मनातही आणवेना. दादांची टँकरची लांबलचक मालगाडी डोळ्यांदेखत निघाली आणि मी भेकडासारखा तिथेच उभा राहिलो. नंतर बाकावर बसलो. आत फोन वाजला की उठून दारापर्यंत जायचो.

साडेदहाला दादा पॅसेंजरमधून उतरले. हातात पिशवी.

"उतरलो गाडीवरून," एवढंच म्हणाले आणि शेजारी बसले. मग हळूहळू सांगू लागले.

पुढच्या एका स्टेशनाबाहेर दिवा खाली पेटला होता, म्हणजे लाल. वेग आधीच कमी ठेवला होता, दादांनी गाडी थांबवली. आणि उभ्या गाडीत मुद्दाम मोठ्याने म्हणाले, "हिरवा." नवा माणूस तंबाखू मळत होता. मान वर न करता तोही म्हणाला, "हिरवा."

"मी परत बोललो. तो पन परत बोलला."

वरचा दिवा पेटल्यावर गाडी स्टेशनात घेतली आणि तिथल्या मास्तरांना त्यांनी लिहून दिलं, मला रंग दिसत नाहीत.

"मला दिसत नाय म्हनून मी तरी डोले फाडून बघत होतो. त्याला दिसतोय, नि तो बघतच नव्हता."

"त्याचं सांगितलंत?"

"सांगितला. ते बोलले, बघू." दादांनी पिशवी मांडीवर घेतली. "दुसरा ड्रायवर आला. तीच गाडी घेऊन तो नि हाच नवीन मानूस, दोघं गेले."