मयेकरांचं प्रस्थान

रत्नागिरीजवळच्या मिऱ्याच्या विठू मयेकरांनी उभ्या आयुष्यात एकच जहाज चुकवलं, आणि त्या एका जहाजापायी पुढची सगळी जहाजं त्यांच्यासाठी दोन दिवस आधी सुटू लागली.

झालं होतं असं. नोकरीला नवे असताना, ऐन आषाढात, कशेडी घाटात दरड आली. एसटी रात्रभर तिथेच उभी राहिली आणि मयेकर मुंबईच्या गोदीत पोचले तेव्हा धक्क्यावर जहाज नव्हतं, नुसतं पाणी होतं. त्यांच्या जागी दुसरा माणूस चढून गेलासुद्धा. पुढचं जहाज मिळेपर्यंत ते घरी बसून राहिले. घरी बसलेल्या खलाशाकडे गाव कसं बघतं, ते त्यांनी त्या काळात पुरेपूर पाहून घेतलं. तेव्हापासून त्यांचा नियम ठरला. गोदीत ज्या दिवशी हजर व्हायचं, त्याच्या दोन दिवस आधी मुंबई गाठायची, गावकीच्या सामाईक खोलीत वळकटी पसरायची आणि थांबायचं. तिथे कामधाम काही नसे. गावचे आणखी चारसहा जण तसेच थांबलेले असत, त्यांच्याबरोबर पत्ते खेळायचे.

या नियमाने जहाज पुन्हा कधी चुकलं नाही. जे चुकलं ते घरी चुकलं. सुजयचा जन्म झाला तो बाप निघून गेल्याच्या दुसऱ्या दिवशी. खोलीच्या खाली किराणा दुकान होतं, तिथे फोन आला. जहाज सुटायला अजून अवकाश होता, मुंबईहून रत्नागिरीला रात्रीची एसटीही होती. मयेकर आले नाहीत. पोरगा त्यांनी पाहिला तेव्हा तो बसायला लागला होता.

मथुराबाईंनी यावर कधी भांडण काढलं नाही. त्या एवढंच म्हणत, "सुट्टी कंपनीने दिलेली. त्यातले शेवटचे दोन दिवस माझे होते, ते त्या खोलीला गेले." हे त्या दर वेळी म्हणत आणि दर वेळी नव्याने सुचल्यासारखं म्हणत.

मयेकर निवृत्त झाले. इंजिनरूममध्ये यंत्रांचं तेलपाणी बघण्यात आयुष्य गेलेलं, त्यामुळे इतकी वर्षं समुद्रावर राहूनही समुद्र त्यांनी फारसा पाहिला नव्हता. तो ते आता मिऱ्याच्या बंधाऱ्यावर बसून पाहत. असं सुरळीत चाललेलं असताना सुजयने, जो आता ठाण्याला औषधांच्या कंपनीत होता, आईबापांची क्रूझची तिकिटं काढली. मुंबईहून गोवा आणि परत.

"आईने आयुष्यभर जहाजाला नावं ठेवली," तो फोनवर म्हणाला. "एकदा आत जाऊन तरी ठेवू दे."

जहाज शुक्रवारी संध्याकाळी सुटणार होतं. तिकिटासोबत सूचना आली होती: प्रवाशांनी दुपारी एक ते दोन या वेळात बंदरावर यावे, त्याआधी आल्यास आत सोडले जाणार नाही. सुजयने बेत आखला. गुरुवारी सकाळच्या गाडीने निघायचं, रात्री ठाण्याला मुक्काम, शुक्रवारी दुपारी तो स्वतः गाडीने बंदरावर सोडणार.

मयेकरांनी सूचना दोनदा वाचली आणि चष्मा काढून ठेवला. "म्हणजे मधले दोन दिवस धरून मंगळवारी निघायला हवं."

"बाबा, मंगळवारी येऊन काय करणार?"

"थांबणार."

"कुठे? ती खोली गेली, तिथे टॉवर झाला."

"तुझ्याकडे थांबू."

"अहो, आत सोडणारच नाहीत एकच्या आधी!"

"ते बोलतात तसं. जहाज कोणाच्या बापासाठी थांबत नाय."

हे ऐकत मथुराबाई आत तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "मी गुरुवारीच येणार," त्या बाहेर न येता म्हणाल्या. "तुम्ही मंगळवारी व्हा पुढे. तुमची काय ती सवय हाय. मी मागनं येतंय."

बोलण्यात राग नव्हता. सरावाने तो केव्हाच झिजला होता. पण मयेकर त्या रात्री नीट झोपले नाहीत. बायकोला पहिल्यांदा जहाजावर न्यायचं आणि त्यासाठी तिला घरी टाकून दोन दिवस आधी निघायचं, यात काहीतरी चुकतंय हे त्यांना कळत होतं. दुसरीकडे, गुरुवारी निघायचं म्हटलं की छातीत कशेडीचा घाट उभा राहत होता. आता तिथे बोगदा झालाय आणि आपण रेल्वेने जाणार आहोत, हे त्यांनी छातीला समजावून पाहिलं. छातीने मानलं नाही.

तोडगा काढला तो शेजारच्या हरिहर सरांनी. सर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांच्या घरी पंचांग खुंटीला टांगलेलं असतं, आणि त्यावर आपला विश्वास नाही हे ते पंचांग चाळता चाळताच सांगतात.

"मयेकर, प्रस्थान ठेवा की," ते म्हणाले.

ही चाल इकडे जुनी. निघायला मुहूर्त एका दिवशीचा आणि सोय दुसऱ्या दिवशीची असं झालं, की मुहूर्तावर सामानातलं काहीतरी, सोबत तांदूळ आणि सुपारी, शेजाऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. माणूस तेव्हाच निघाला असं धरतात. नंतर तो सवडीने जातो आणि जाताना ते सामान उचलतो. ठेवलेली वस्तू पुन्हा घरात आणायची नाही, एवढीच अट. देवाला यातलं काहीच कळत नसेल असं मानणं जरा धाडसाचं आहे, पण अजून कोणाची गाडी अडलेली नाही.

"मुहूर्ताचं कुठे काय हाय?" मयेकर म्हणाले.

"मंगळवार हाच तुमचा मुहूर्त. बॅग माझ्याकडे ठेवा. तुम्ही निघालात. संपला विषय."

मयेकरांनी बायकोकडे पाहिलं. मथुराबाई उठल्या, मूठभर तांदूळ आणि सुपारी फडक्यात बांधली आणि मंगळवार उजाडायच्या आधीच बॅगेवर ठेवली.

मंगळवारी सकाळी मयेकरांनी आंघोळ केली, देवाला नमस्कार केला, हातावर दही घेतलं आणि बॅग उचलून दगडी कुंपणाच्या गडग्यापलीकडे, सरांच्या ओटीवर नेऊन ठेवली. तेवढ्या प्रवासाला काही फार वेळ लागला नाही. परत येऊन ते ओटीवर बसले, आणि त्यांच्या लक्षात आलं की चष्मा बॅगेत गेला. दाढीचं सामान बॅगेत. रक्तदाबाची गोळी बॅगेत.

"आणा जाऊन," मथुराबाई म्हणाल्या.

"घरात आणायचं नसतं."

"मग तिथेच घाला चष्मा."

अशा रीतीने मयेकर पेपर वाचायला सरांच्या ओटीवर गेले. गोळी तिथेच घेतली, दाढीही तिथेच केली.

"या," सर म्हणाले. "कुठपर्यंत आला प्रवास?"

"चिपळूण गेलं असेल."

"जेवायला थांबते का गाडी?"

"सर, थट्टा पुरे."

दुपारी ते घरी परतले तेव्हा घर त्यांना वेगळं वाटलं. कचरा काढलेला नव्हता. त्यांचा चहाचा कप धुऊन फळीवर पालथा घातला होता. मथुराबाई मागच्या दारी पायरीवर बसल्या होत्या.

"केर का नाय काढलास?"

"माणूस निघालं की त्या दिवशी काढत नाय मी. तुम्ही पोचेपर्यंत नाय."

"मी तर इथे हाय गो."

"सवय," त्या म्हणाल्या, आणि स्वतःशीच हसल्या. सकाळी त्यांनी बॅग जाताना पाहिली होती आणि पुढचं हातांनी आपणहून केलं होतं.

संध्याकाळी पानात पेज आणि भाजलेली सुकट आली. मयेकरांनी इकडेतिकडे पाहिलं. घरी असताना त्यांच्या पानात मासा नाही असं सहसा होत नसे.

"आज रांधलं नाय?"

"तुम्ही गेल्यावर मी कोणासाठी रांधायची? पेज घ्यायची आणि पडायचं. दोन दिवस तसंच. तिसऱ्या दिवशी जरा भूक लागते."

मयेकर पेज प्यायले. सुकट चांगली होती. आपण गेल्यानंतरचं घर त्यांनी आजवर पाहिलेलं नव्हतं, आणि पाहायला कोणी बोलावलंही नव्हतं. त्यांनी आपली वाटी स्वतः विसळली. ती त्यांच्याकडून नीट विसळली गेली नाही. मथुराबाईंनी ती नंतर, ते बघत नसताना, पुन्हा विसळली.

बुधवारी ते सरांकडे गेलेच नाहीत. सरांनी गडग्यावरून हाक मारली, "मयेकर, चष्मा वाट बघतोय!" तर म्हणाले, "बघू द्या." दाढीही राहिली. मथुराबाई कोकमाची सोलं उन्हात पसरत होत्या, ते शेजारी बसून पसरू लागले आणि एकावर एक घालू लागले. मथुराबाईंनी त्यांचा हात बाजूला सारला तरी ते उठले नाहीत.

मग म्हणाले, "सुजयच्या वेळी तुला कोणी नेलं गो?"

मथुराबाई सोलं पसरत राहिल्या. हे विचारायला त्यांना इतकी वर्षं लागली होती.

"सरांच्या आंब्याच्या टेम्पोतून. पेट्या उतरवायलासुद्धा वेळ नव्हता. मी आपली पेट्यांच्या मधी बसले. सर पुढे बसून ड्रायव्हरला सारखे सांगत होते, सांभाळून रे, हापूस हाय."

"हापूस?"

"मी म्हटलं, सर, मी पण हाय. तर म्हणाले, होय होय, तू पण."

मयेकर हसले. हसता हसता थांबले. "फोन आला तेव्हा मी पत्ते खेळत होतो," ते म्हणाले. "एसटी होती रात्रीची."

"होती."

"आलो असतो तर परत वेळेत पोचलो असतो."

"पोचला असता."

"घाबरलो मी."

"ठाऊक हाय मला," मथुराबाई म्हणाल्या. "ती सोलं उलटी ठेवू नका."

त्या दुपारी मथुराबाईंनी त्यांना सगळं सांगितलं. सुजयच्या कानात घालायच्या बाळ्या कोणी दिल्या, तो पहिल्यांदा कोणाकडे बघून हसला, तापाने फणफणला तेव्हा पावसात डॉक्टर कसे आले. मयेकर ऐकत होते, मध्ये मध्ये भलतेच प्रश्न विचारत होते. संध्याकाळी मथुराबाईंनी बांगडे आणले आणि भरपूर तिखटाचं कालवण केलं. दुसऱ्याच दिवशी भूक लागली, हे पहिल्यांदाच घडत होतं.

गुरुवारी सकाळी दोघांनी सरांच्या ओटीवरून बॅग उचलली. मयेकरांनी चष्मा लावला आणि गाडीची वेळ तिकिटावर तपासून घेतली. सर म्हणाले, "प्रवासात दाढी वाढली तुमची." गाडी वेळेवर आली. घाट आला नाही, कारण त्या वाटेला घाट नव्हताच.

शुक्रवारी सुजयने त्यांना ठरल्याप्रमाणे बंदरावर सोडलं तेव्हा मोठी रांग लागलेली होती. आपल्या आधी इतकी माणसं आलेली मयेकरांनी कुठल्याच गोदीत पाहिली नव्हती. त्यांनी बॅगेची मूठ घट्ट धरली. तेवढ्यात गणवेशातला एक मुलगा आला, बॅगेला खोलीचा नंबर लिहिलेली चिठ्ठी अडकवली आणि म्हणाला, "काका, सोडा. बॅग पुढे जाते. तुमच्या खोलीबाहेर ठेवलेली मिळेल. तुम्ही आत बसा, नंबर पुकारतील."

"आम्ही इथे, आणि बॅग जहाजावर?"

"हो. आधी बॅगा चढतात."

मयेकरांनी मथुराबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदराआड तोंड लपवलं होतं.

"हेही प्रस्थान ठेवतात," त्या म्हणाल्या.

मयेकरांनी मूठ सोडली. बॅग इतर बॅगांबरोबर आत गेली.

बसायच्या जागी ओळीने खुर्च्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने कागद बघताना विचारलं, "पहिलीच क्रूझ का? फार आधी नाही ना आलात? लोक सकाळपासून येऊन बसतात."

"हे मंगळवारीच निघाले," मथुराबाई म्हणाल्या. "मी त्यांच्याबरोबर होते."

मुलीने हसून मान हलवली आणि त्यांच्या हातात नंबर दिला. दोघं खिडकीजवळ बसले. काचेतून जहाज दिसत होतं, सगळंच्या सगळं, वरपासून पाण्यापर्यंत. मथुराबाईंनी पिशवीतून डबा काढला आणि शाळेच्या पहिल्या दिवशी सुजय कसा गडग्यावर चढून बसला आणि खालीच उतरेना, ते सांगायला घेतलं. गोष्ट लांबली. मयेकर त्यांच्याकडे वळून बसले होते, पाठ जहाजाकडे.

त्यांचा नंबर पुकारला गेला. कोणी उठलं नाही, म्हणून मग दुसऱ्यांदा पुकारला.