उजव्या खांद्याची पाकळी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं न्हाई. बायकोलाबी न्हाई. देवाला सांगायचा प्रश्नच न्हाई, तो तिथंच व्हता. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आमच्या न्हावरे गावचे न्हाई. उद्या पारावर बसून माझी इज्जत काढणार न्हाई.

गावात माझं नाव हाय बरं का! आईबापाला सांभाळावं तर असं, म्हणून लोक आपल्या पोरांना माझं उदाहरण देतात. आन् मीबी मान ताठ करून ऐकतो. सणसवाडीला कंपनीत नोकरी, दारात गायी, मळ्यात कांदा, सगळं एकट्यानं करतो, म्हणतात. एकट्यानं? अहो, मी शिफ्टवरनं येऊन घोरत पडायचो तवा धारा आबा काढायचे आन् शेण आई भरायची.

माझी बहीण सुनीता कॅनडाला असते. दोघं नवराबायको नोकरीला, पोरगी लहान. तिनं आई-आबांना कायमचं तिकडं न्यायचं ठरवलं. कागदपत्रं झाली, व्हिसा आला. आन् आई? आई नुसती हरखली व्हती. गायीला ‘कम, कम’ म्हणायला लागली व्हती. नातीसाठी जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली, चटणी कुटून ठेवली, बॅग भरून पलंगाखाली सारली.

आबा म्हणाले, “बिरोबाला इचारू. त्यो जा म्हणला तर जाऊ.”

आमच्या घरात मोठं काही करायचं तर कौल लावतात. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाई. पूजा आमच्याच घराकडं. आबांनी जन्मभर कौल लावले, पण हात थरथरायला लागल्यापास्नं ते काम माझ्याकडं आलं व्हतं.

त्या रविवारी देवळात जाण्याआधी मी स्वयंपाकघरात गेलो. काकवीच्या बरणीत बोट बुडवलं.

कळलं ना? आता पुढचं सांगायलाच पायजे का? सांगतो. शेवंतीची उजवी पाकळी मी काकवीनं चिकटवली. डावी नुसत्या पाण्यानं. आई मागं हात जोडून बसली व्हती—तिचं पुटपुटणं मला ऐकू येत व्हतं. डावी पडली. आई एवढंच म्हणाली, “बरं, त्याची मर्जी.” घरी आली आन् बॅग रिकामी केली.

माया म्हणून अडवलं, असं मी लई वर्षं स्वतःला पटवलं. खोटं हाय ते. मला बिनपगारी माणसं हवी व्हती. ती गेली असती तर गायी विकाव्या लागल्या असत्या, न्हाईतर नोकरी सोडावी लागली असती. आन् आईबाप लेकीच्या दारात गेले म्हणून गावानं माझ्या तोंडात शेण घातलं असतं, ते वेगळंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या मागं मी देवळात गेलो. देवाच्या उजव्या खांद्याला मुंग्यांची रांग लागली व्हती. आबा बघत उभे राहिले. मग धोतराचा सोगा भिजवून त्यांनी देव पुसला, नीट, हळूहळू. माझ्याकडं बघितलं न्हाई. त्या दिवसापास्नं घरातल्या कुठल्याच गोष्टीला त्यांनी मला कौल लावायला सांगितलं न्हाई.

पण आईला त्यांनी कधी काही सांगितलं न्हाई, आन् मीबी न्हाई. नात फोनवर विचारायची, आजी कवा येणार? आई हसून म्हणायची, “देव सोडंना गं मला.” फोन धरून मीच उभा असायचो, तिला तो नीट धरता येत नव्हता म्हणून. दर वेळी ऐकायचो. आई मागच्या उन्हाळ्यात गेली, तवर ती असंच म्हणत राहिली, आन् मी फोन धरत राहिलो.