पेट्यांमागची भिंत

राजाजीनगरच्या घरात भिंतीला बुरशी धरली ती माझ्यामुळे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही.

सासूबाईंना घरात सगळे अक्का म्हणत. त्यांचा स्वयंपाक मडीत, म्हणजे सोवळ्यात. त्यांची लुगडी रोज न्हाऊन मी पिळायची, गच्चीवर उंच काठीला वाळत घालायची आणि राखत बसायची. शेजारचं पोर शिवलं की पुन्हा न्हाणं, पुन्हा पिळणं.

"गच्चीवर जातेस की तिरुपतीचा डोंगर चढतेस?" अक्का विचारायच्या.

बेंगळुरातला आषाढ कोसळत नाही, झिरपत राहतो. मी कंटाळले. मधल्या खोलीत दोरी बांधली, निथळती लुगडी तिथंच टाकून दार-खिडकी लावून घेऊ लागले. लुगडी गच्चीवरचीच, असं अक्का समजत. माझी तीन वर्षांची मुलगी त्याच खोलीत झोपायची.

एक दिवस तिथल्या पेट्यांच्या चळतीमागं भिंत काळी-हिरवी दिसली. बोट लावलं तर मऊ लागलं, भिजल्या मांजरासारखं. मी चुना फासला, पेट्या परत लोटल्या. चार दिवसांत चुन्यातून पुन्हा काळं वर आलं.

मग पोरीला खोकला लागला. तिच्या छातीत शिट्टी वाजू लागली. डॉक्टर घरी आले.

"घरात कुठं ओल आहे का अम्मा? स्वल्प जरी असली तरी सांगा."

"नाही," मी म्हटलं. खरं सांगितलं असतं तर दोरीचं सांगावं लागलं असतं.

दर श्वासाला तिच्या गळ्याशी खळगा पडायचा. तो भरून येईपर्यंत माझाही श्वास अडायचा. तिसऱ्या दिवशी दुपारी ओठ निळे दिसले आणि मी पेट्या ओढून ओरडले.

नवरा धावत आला. त्यानं भिंत पाहिली, दोरीवरचं ओलं लुगडं पाहिलं आणि आईकडं वळला.

"अक्का, तुझी मडी माझ्या पोरीच्या जिवावर उठली!"

अक्कांनी दोरीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्या मडीतच होत्या. तशाच पुढं आल्या, पोरीला उचललं आणि उजेडात ओसरीवर जाऊन बसल्या.

पोर वाचली. छाती मात्र कायमची नाजूक राहिली. अक्कांनी त्या दिवसापासून मडी सोडली. माहेरची माणसं त्यांच्या हातचं जेवेनाशी झाली. कुणी विचारलं तर म्हणत, "वय झालं, होत नाही आता." मी शेजारी शेंगा निवडत असायची. आज त्या बोलतील, आज विचारतील, या धास्तीत माझी अकरा वर्षं गेली. त्यांनी विचारलं नाही. गेल्या.

मुलीला अजून पावसात धाप लागते. नवरा म्हणतो, "अक्काची मडी." मी गोळी शोधायला उठते.